आचाऱ्यांचा मोठा ससा

तुम्ही हसाल, पण पागेत मी एकदा ससाही बरा केलाय. मी सालोत्री, घोड्यांचा वैद्य. माझ्याकडे ससा कोण आणणार? पण आमच्या सरदारांचे आचारी गोपाळभट आपला पांढरा ससा उपरण्यात गुंडाळून आले. सशाच्या कानांच्या कडांना आणि नाकावर खपल्या, मानेवरचे केस गळलेले, आणि खाजवणं थांबत नव्हतं.

"खरूज आहे," मी म्हटलं. "करंजाच्या तेलात गंधक खलून देतो, खपल्यांवर हलक्या हातानं लावा. आंघोळ मात्र घालू नका, भीतीनंच मरेल."

भटजी जागचे हलेनात. "आणि ससा जरा मोठा असला तर?"

त्यांनी हात उपरण्याखाली घेतला, पण बोटांच्या बेचक्यातले फोड मी पाहिले होते. बुधवारातल्या वैद्याकडे गेले असते तर संध्याकाळपर्यंत पेठभर झालं असतं. खरूज झालेल्या हातचं कोण जेवणार? बिचाऱ्यांची चाकरीच गेली असती.

"मोठ्या सशाला अंगभर लावा," मी म्हटलं. "त्यानं रोज कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ करायची. आणि बरं होईपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

"सांगतो त्याला," भटजी पुटपुटले.

मग मीच सरदारांकडे गेलो. म्हटलं, भटजींचा ससा फार आजारी आहे, त्यांना काही दिवस त्याच्यापाशी राहू द्या.

सरदार पानाला चुना लावत होते. मान वर न करता म्हणाले, "राहू दे. सशाला म्हणावं, आचारी पुरता बरा झाला की पाठवून दे."