उजवीकडं न वळणारी जीप

...नाही, पण डावीकडं वळते ना गाडी, मग झालं की! असं मला दामाजी मिस्त्री म्हणाला. तोंडावर! तुम्हाला सांगतो, कल्याणातला नावाजलेला मिस्त्री, हातात पाना, तोंडात पान, आणि मलाच समजावतोय, "चांगदेवशेठ, फक्त उजवीकडं पूर्ण वळत नाही, बाकी गाडी एक नंबर!" अरे, बाकी म्हणजे काय राहिलं? हॉर्न?

आता तुम्ही विचाराल, तुला जीप घ्यायला सांगितलेली कुणी? हौस नव्हती हो! आमची जनाबाई आत्या. वडलांची थोरली बहीण, आम्ही कोपरीचे कोळी, आणि ही बाई तीस वर्षं लोकलनं खडवलीला उतरून, डोक्यावर टोपली घेऊन, नदीपलीकडच्या गावांत मासळी विकत फिरलेली. एकोणनव्वद साली गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टर म्हणाला, "आजी, डोक्यावरचं ओझं बंद." आत्या म्हणाली, "मंग मना पन बंद कर." आणि दोन दिवस भिंतीकडं तोंड करून झोपली. जेवली नाही! मग काय करणार? मिलिटरीनं लिलावात काढलेली एक जीप मी उचलली. पुढची-मागची चारही चाकं ओढतात, खडक चढते, चिखल तुडवते. आत्या उठून बसली. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

पण त्या वाटेवर दगड एवढाले, की जीपचं पोट घासायचं. म्हणून गेलेलो दामाजीकडं. म्हटलं, जरा उंच कर. त्यानं काय केलं, चाकांजवळ ते लोखंडी पाटे असतात ना एकावर एक, गाडीचं वजन झेलणारे, त्यांना जास्त कमान दिली. उंच झाली! इतकी उंच की आत्याला चढायला घरनं पाट न्यायला लागला. पण पुढच्या दोन चाकांना जोडणारा, चाकांच्या लोखंडी कानांत अडकवलेला आडवा दांडा असतो, स्टिअरिंग फिरवलं की तो सरकतो आणि चाकं वळतात. तर पाट्यांची कमान आली वर, आणि उजवीकडं वळवलं की तो दांडा पाट्यावर जाऊन... टण्ण! स्टिअरिंग जाम. डावीकडं मात्र लोण्यासारखी. बाकी गाडी एक नंबर!

मग मी काय करायचो? उजवीकडं जायचं असेल तर तीनदा डावीकडं! हसताय काय? करून बघा. कल्याणात एका हवालदारानं मला एकाच चौकात तीनदा पाहिलं. शिट्टी मारली. "काय रे, प्रदक्षिणा घालतोस? नवस केलायस का?" म्हटलं, "साहेब, घरी जातोय." म्हणाला, "मग जा की सरळ!" अहो, सरळच तर जाते ती!

परत दामाजी. त्यानं दांडा तापवला, ठोकला, बाक दिला. टण्ण गेलं? नाही. उलट पुढची दोन्ही चाकं, नवीन लग्न झाल्यासारखी, एकमेकांकडं बघायला लागली. परत दामाजी. म्हणाला, "आता असा स्टॉपर लावतो की दांडा पाट्यापर्यंत पोचणारच नाय." लावला. म्हटलं, अरे, आता तर निम्मंसुद्धा वळत नाही! "पण आवाज गेला ना?" गेला बाबा, आवाज गेला. बाकी गाडी एक नंबर!

आणि मग तो बुधवार. पलीकडच्या गावात हळद होती आणि आत्यानं सुरमई, कोलंबी द्यायचा शब्द दिलेला. तिचा शब्द म्हणजे शब्द! खडवलीहून नदीकडं उतार आहे, आणि ऐन काठावर वाट उजवीकडं वळते. मी रोज तिथं थांबायचो, मागं घ्यायचो, परत वळवायचो, असं तीन हप्त्यांत ते वळण घ्यायचो. त्या दिवशी मागून आल्या म्हशी. आठ-दहा! मागं कुठं घेणार? म्हटलं, वळव चांगदेवा, देवाचं नाव घे. वळवलं. ब्रेक दाबला, खडीवरनं चाकं घसरली, आणि स्टिअरिंग अडलं ते अडलंच... आम्ही सरळ भातसा नदीत!

गुडघाभर पाणी होतं म्हणून वाचलो. पण आत्या गप्प. जन्मात गप्प न बसलेली बाई गप्प! म्हटलं, आपल्या गाडीनं हिचं काही केलं की काय? "आत्या... लागलं का गं?"

"मना नाय लागलं! सुरमई पकर!"

बघतो तर टोपल्या चालल्यात वाहत. समुद्रातली सुरमई, कोपरीहून बर्फात बसून आलेली, नदीत मोकळी! मी, आत्या आणि म्हशीवाला, तिघांनी ती दुसऱ्यांदा पकडली. बैल लावून जीप वर काढली. मासळी हळदीला पोचली, हां... जरा जास्तच धुतलेली.

पण त्याआधी काठावर आत्या वाकली. त्या गुडघ्यानं! जीपखाली बघून म्हणते, "यो दांरा चाकाच्या त्या कानाला खालून का लावलाय?"

म्हटलं, "तसाच असतो."

"वल्हं खुंटीच्या खालून बांधशील तर होरीच्या काठाला घासंल का नाय? वरून लाव."

"आत्या, ही गाडी आहे. होडी नाही."

"पान्यात तर गेली!"

दुसऱ्या दिवशी आत्या दामाजीच्या गॅरेजात, स्टूल घेऊन, ऐन दारात. दामाजी हसला. "आजी, ह्यात इंजिनिअरिंग असतं."

"आसंल. तू वरून लाव."

"कानाचं भोक खालून निमुळतं आहे, आजी. वरून दांड्याची खीळ बसणार नाय."

"मंग भोक वरून निमुळतं कर."

दामाजीचं पान चघळायचं थांबलं. म्हटलं, आता हा भांडतोय. पण तो उठला, त्यानं कानातलं भोक मोठं केलं, आत वरून निमुळती बुश, म्हणजे लोखंडी नळी, बसवली, वाकडा दांडा फेकून सरळ नवा घातला, कानाच्या वरून! तो स्टॉपर काढला. जॅकवर चढवून स्टिअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आत्यानं दांडा आणि पाटा ह्यांच्यामध्ये हात घातला. चार बोटं जागा! उजवीकडं, डावीकडं, कुठंही टण्ण नाही. आणि दामाजी हात पुसत काय म्हणाला असेल? "मी हेच सांगणार होतो!"

मी म्हटलं, सुटलो. कसला सुटतोय! घरी येईपर्यंत आत्या माझ्या हातापायांकडं बघत होती. कोपरीत उतरल्यावर म्हणाली, "आता मना शिकव."

आत्या, अगं, गुडघा! तर म्हणे, डॉक्टरनं ओझं बंद केलंय, क्लच नाय. दोन महिन्यांत लायसन काढलं तिनं. आता खडवलीच्या वाटेवर गाडी ती चालवते, पुढं शेजारी कोलंबीची टोपली बसते, कारण कोलंबीला धक्का सोसत नाही म्हणे, आणि मी मागं, बर्फाच्या पेटीवर. परवा मी हळूच म्हटलं, आत्या, इथनं उजवीकडं घेतलंस तर जवळ पडेल. मागं वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "बाला, तू बर्फावर नीट बस."

बसलो.