किटल्यांचा खप

हॅलो?… हो, हस्तकला संस्थेचं दुकान, बोला… कोण, कुंभारकाका? अहो, आवाज ओळखूच आला नाही… नाही हो, कसली गर्दी! चिटपाखरू नाही.

काय?… बंद म्हणजे?… किटल्या करणं बंद? का हो काका?… अंगठा दुखतो? कधीपासून?… तीन वर्षं! आणि आज सांगताय?

मग रेटत कशाला राहिलात?… आमच्यासाठी? कोण म्हणालं?… अध्यक्षबाई… वार्षिक सभेत… 'काकांच्या किटल्या म्हणजे संस्थेचा कणा'… हो, हो, म्हणाल्या खऱ्या. विक्रीतला आपला वाटा, त्यावर दुकानाचं भाडं, त्यावर विणकामाचे वर्ग… अहो ऐकलंय मी, पहिल्याच रांगेत होते. मान खाली घालून.

काही नाही, खोकला.

काका, ऐका ना… अहो, ऐका तर! तुम्ही बसलाय ना?… चाकापुढेच? मग ठीक.

आपला नियम माहितीये ना? सहा महिन्यांत एकही वस्तू खपली नाही, की फळी दुसऱ्या कारागिराला… हो, तुमची कधीच गेली नाही. बरोबर. कारण… कारण त्या मी घेत होते.

मी… हो, सगळ्या… कुणाला देणार? घरीच आहेत. ओट्याखाली, पलंगाखाली, नवऱ्याच्या कपाटात… तो? तो शर्ट खुर्चीवर ठेवतो बिचारा.

हॅलो?… काका? रागावलात?… हसताय! अहो, इथे माझा जीव अर्धा झाला आणि तुम्ही…

का म्हणजे? फळी गेली असती तर तुम्ही इथे यायचंच सोडलं असतंत. ते मला नको होतं. चाकावर माती धरायला तुम्ही शिकवलंत मला, काका. माझ्या हातून एक धड वाटी झाली नाही, तरी रागावला नाहीत.

आता खरं सांगू?… गळतात… नाही, झाकणं सुरेख! तोटी. चहा कपात थोडा, टेबलावर जास्त… हो, रोज त्यातूनच पिते. खाली ताटली ठेवून.

म्हणजे बघा, तुम्ही संस्थेसाठी अंगठा झिजवताय, मी तुमच्यासाठी घर भरतेय, आणि सभेत टाळ्या अध्यक्षबाईंना!

बरं, आता किटल्या बंद. रविवारचा वर्ग घ्या तुम्ही… हो, शिकणारे फी देतात, त्यात तुमचंही भागेल, संस्थेचंही. अंगठ्याला आराम. नुसतं तोंड चालवायचं, ते तुम्हाला जमतं… ठरलं? शब्द द्या… शाब्बास.

एक मिनिट हां, कुणीतरी आलंय… या ना, बघा निवांत… काय हवंय?… अं?…

काका… काका, किटली मागतायत… थट्टा नाही हो! माहितीपत्रकात फोटो पाहिला म्हणे, लांबून आल्यात… फळी रिकामी आहे, शेवटची कालच मी नेली!… घरातली? गळकी कशी देऊ, पहिलंच खरं गिऱ्हाईक!… हो, थांबतील म्हणतायत, आठवडाभरही थांबतील.

काका, अंगठा फारच दुखतो का हो?… हॅलो?… ही घरघर कसली?… चाक? अहो, आत्ता शब्द दिलात ना!… बरं, एकच. एकच हां काका! आणि तोटी… हॅलो? तोटी जरा नीट लावा!