खाणीपासून पुलापर्यंत

(ट्रकची केबिन. भर दुपार. मागे कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लांचे खोके आणि त्यांचा अखंड चिवचिवाट. ड्रायव्हरशेजारी त्याची बायको, मांडीवर लॅपटॉप.)

बायको : गाडी वळवा. मागे चला.

ड्रायव्हर : काय?

बायको : मागे चला म्हणते. चित्र गोठलं, आवाजही गेला.

ड्रायव्हर : अगं, ही काय रिक्षा आहे? मागे चार हजार पिल्लं आहेत. पुढचा टॉवर बारा किलोमीटरवर. तिथे लागेल तुझा कॉल.

बायको : म्हणजे वीस मिनिटं. तोवर त्या माणसाची बोटं गेलेली असतील.

ड्रायव्हर : कोणत्या माणसाची?

बायको : हॉस्पिटलमधल्या. पत्रा कापायच्या मशीनमध्ये उजवा हात सापडलाय. जन्मापासून ऐकू येत नाही, खुणांनीच बोलतो. वाचतासुद्धा येत नाही, कागदावर काय दाखवणार? म्हणून खुणांची दुभाषी लागते, तर मला व्हिडिओ कॉलवर जोडून घेतलं. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं काढावी लागतील. मी हातांनी सांगायला लागले, त्याने मान हलवली, आणि नेमका हा उतार आला.

ड्रायव्हर : रस्ता मी बांधलाय का? आणि मान हलवली ना? मग झालं तर. हो म्हणाला.

बायको : नाही हो! ते हो नव्हतं. समोरचा खुणा करत असला की ही माणसं मान हलवत राहतात. 'कळतंय, पुढे बोल' एवढंच. आपण फोनवर हं हं करतो, तसं.

ड्रायव्हर : एवढं डॉक्टरला माहीत नसेल?

बायको : बाबाही असेच खुणांनी बोलायचे. त्यांच्या डॉक्टरला कुठे होतं माहीत? एक दाढ दुखत होती. बाबा मान हलवत राहिले आणि त्याने चार उपटल्या. मी आठ वर्षांची. बाहेर बाकावर गोळी चघळत बसले होते.

ड्रायव्हर : मला वाटायचं, सासरेबुवांच्या दाढा वयानं पडल्या.

बायको : सगळ्यांना तसंच सांगायचे. वळवा ना!

ड्रायव्हर : फोन लाव त्यांना.

बायको : कशावरून लावू? तुमच्याही फोनला रेंज नाही, माझ्याही.

ड्रायव्हर : हे बघ, मला नाही म्हणायची काही हौस नाही. पण तू कॉल संपवेपर्यंत गाडी उभी राहिली, तर मागे भट्टी होते. चालत्या वाऱ्यावर जगतात ती. मागच्या उन्हाळ्यात टायर बदलायला अर्धा तास थांबलो होतो. नंतर खोके उघडले तेव्हा तू नव्हतीस. मी होतो.

बायको : माहितेय मला. त्यानंतर दोन दिवस जेवला नव्हतात.

ड्रायव्हर : मग?

बायको : मग काही नाही. स्टिअरिंगवर तुमचा डोळा लागला, त्या दिवसापासून मी या सीटवर बसतेय. घरातलं टेबल सोडून सगळं काम या केबिनमध्ये आणलं. कधी म्हटलं, माझ्यासाठी थांबा?

ड्रायव्हर : नाही म्हटलंस.

बायको : आज म्हणतेय.

ड्रायव्हर : रेंज चांगली कुठे होती?

बायको : खाणीपाशी चार कांड्या होत्या. पुलापर्यंत टिकल्या.

ड्रायव्हर : दोन किलोमीटरचा पट्टा. सरळ रस्ता. पुलाशी वजनकाट्यासमोर वळायला जागा आहे, खाणीपाशी तर मैदानच. लॅपटॉप घट्ट धर.

बायको : पण पिल्लं?

ड्रायव्हर : उभं राहतंय कोण? खाणीपासून पुलापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. त्यांना वारा, तुला रेंज.

बायको : लोक वेड्यात काढतील.

ड्रायव्हर : काढू देत. कांड्या बघ तू.

बायको : एकही नाही. एकही नाही. लवकर चला हो!

ड्रायव्हर : चढ आहे, माल आहे. उडवू का आता?

बायको : एक आली! दोन... लागतोय. नुसतं गोल फिरतंय. अरे लाग ना बाबा. डॉक्टर! डॉक्टर, ऐकू येतंय?

डॉक्टर : मॅडम, तुम्ही गेलात म्हणून आम्ही पुढे निघालो. पेशंटने होकार दिलाय. सिस्टर संमतीच्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा घेतायत, भूलतज्ज्ञ आलेत.

बायको : अंगठा घेऊ नका! तो होकार नव्हता.

डॉक्टर : माझ्या डोळ्यांदेखत मान हलवली त्याने.

बायको : ऐकत होता म्हणून हलवली. माझं वाक्य अर्धंच पोचलंय. एक मिनिट द्या. काय होणार आहे ते त्यालाच विचारते. फोन त्याच्यासमोर धरा.

डॉक्टर : मॅडम, वेळ नाहीये. रक्तपुरवठा...

बायको : एकच मिनिट! ...हां. डाव्या हाताने सांगतोय. त्याच्याच शब्दांत ऐका. 'जखम धुऊन टाके घालणार आहेत. सोमवारी कामावर जाईन.'

डॉक्टर : अरे देवा.

बायको : अहो, चित्र हलतंय!

ड्रायव्हर : खाण आलीये. वळवतोय.

डॉक्टर : कोण बोलतंय? आणि हा आवाज कसला?

बायको : पिल्लांचा. मी ट्रकमध्ये आहे. मधेच गेले तर परत येईन, पण तोवर काही कापू नका. शब्द द्या.

डॉक्टर : ...दिला. सांगा त्याला. तर्जनी पूर्ण गेलीये, ती ठेवता येणार नाही. मधलं बोट तारा घालून वाचवून बघता येईल, पण ते ताठ राहील. आणखी दोन ऑपरेशनं लागतील आणि एवढं करून कदाचित काढावंच लागेल. आजच काढलं तर तीन आठवड्यांत मोकळा.

बायको : हे तुम्ही आधी बोलला नव्हतात.

डॉक्टर : त्याने मान हलवली, मला वाटलं विषय संपला. चुकलं माझं.

ड्रायव्हर : काय म्हणतोय गं?

बायको : रडतोय. थांबा जरा... आता विचारतोय, 'हा हात माझा बोलायचा आहे, हे डॉक्टरांना माहीत आहे का?'

डॉक्टर : नव्हतं माहीत. म्हणजे... तसा विचारच केला नव्हता. सांगा त्याला.

बायको : सांगितलं. आता तो म्हणतोय, 'मधलं ठेवा. ताठ राहिलं तरी चालेल. थोडं बोबडं बोलेन.'

डॉक्टर : आणि शेवटी काढावं लागलं तर?

बायको : 'तेव्हा मला पुन्हा विचारा.'

डॉक्टर : विचारू. नक्की विचारू. सिस्टर, तो कागद फाडा, नवा आणा. मॅडम, अंगठा घेईपर्यंत थांबाल?

बायको : थांबते की. म्हणजे, फिरते.

ड्रायव्हर : पूल आला. आता पुन्हा खाणीकडे.

बायको : अहो, तो काहीतरी विचारतोय. माझ्यामागे झाडं का पळतायत म्हणून. मी म्हटलं, ट्रक आहे, मागे चार हजार पिल्लं आहेत.

ड्रायव्हर : मग?

बायको : म्हणाला, 'ओरडतात?' म्हटलं, कान किटले.

ड्रायव्हर : हसला का?

बायको : नाही. काळजीत पडलाय. म्हणतोय, 'एवढ्या गोंगाटात माझं बोलणं ऐकू आलं ना नीट?'

ड्रायव्हर : सांग त्याला... आम्हा दोघांनाही आलं म्हणावं. शब्दन् शब्द.