तीनच साइझ

नाही हो, चालवून बघा की – जुनं मशीन घ्यायला येणारे सगळे आधी हेच विचारतात, बिघडलंय काय? मशीन नाही बिघडलेलं. माझी थोरली बहीण शिवायची यावर. ऑपरेशनमध्ये छाती काढलेल्या बायकांचे कपडे – मान खाली घालू नका, धंदाच होता तो आमचा. ताई एकेकीला आत न्यायची, अर्धा अर्धा तास माप घ्यायची. टेपचं काम पाच मिनिटांचं, बाकी सगळं बोलणं. एक बाई आरशासमोर म्हणाली होती, "वर्षानं आज सरळ उभी राहिले."

मग माझ्या डोक्यात शिरलं, हे मोठं करायचं. गुंतवणूकदार गाठले. ते म्हणाले, काम चांगलं आहे, पण मॉडेल कुठाय? एक बाई, एक टेप – हजारजणींचं कसं करणार? बरोबरच होतं त्यांचं, नाही का? मग अट घातली – मापं बंद, लहान, मध्यम, मोठा, तीनच साइझ, विक्री सगळी ऑनलाइन. मी काय करणार? बळी तो कान पिळी.

अट म्हणजे – तशी अट नव्हती म्हणा. त्यांनी नुसतं विचारलं. तीन साइझ मीच म्हणाले. ताई शेजारीच बसलेली, ठेवणीतला ड्रेस घालून. त्यांनी विचारलं, यांचं काम काय? मी म्हणाले, "मापं घेते. जुनी सवय आहे, काढून टाकता येईल." त्यांच्या ऑफिसचा जिना उतरताना ताई एवढंच म्हणाली, "चांगलं बोललीस."

पैसे आले, कपडे गेले, आणि खोक्यांनी परत यायला लागले – एका बाजूला सैल, एका बाजूला घट्ट. बऱ्याचजणींची एकच बाजू काढलेली असते ना – डावी की उजवी, हे मी फॉर्ममध्ये विचारलंच नव्हतं. वर्षाच्या आत गुंतवणूकदार म्हणाले, या मालाला बाजार नाही, आणि हात वर केले. बाजार होता हो. या जिन्यावर बसून असायचा, नंबर येईपर्यंत.

ताई ना? कुणाच्या तरी दुकानात पँटचे पाय आखूड करून देते. गेले होते मी बोलवायला. म्हणाली, "आता कुणा बाईच्या अंगाला टेप लावायचा धीर होत नाही गं."

काय म्हणालात? कुणाचं – तुमच्या बायकोचं? कधी झालं ऑपरेशन?

नाही, त्या दुकानाचा पत्ता नका मागू. ती नाही म्हणेल, आणि ते तुम्हाला घरी जाऊन सांगावं लागेल. – उचला मशीन. जिना अरुंद आहे.