कुठे अडेल

सन्माननीय अध्यक्ष हितेंद्र राऊळसाहेब, दादरहून वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या प्राचार्या राधा नाईक मॅडम, व्यासपीठावरचे उगवती वाचनालयाचे पदाधिकारी, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या अंबिका परब बाई, आणि समोर बसलेल्या माझ्या वर्गबंधू-भगिनींनो, सर्वांना सप्रेम जय भीम आणि नमस्कार.

टाळ्या कशासाठी वाजल्या ते आमच्या वर्गाला ठाऊक आहे, पाहुण्यांना सांगतो. मी गौतम कासारे, बोलायला लागलो तेव्हापासून अडखळत बोलणारा माणूस. गेल्या वर्षी याच माइकवर ‘अध्यक्ष’ या शब्दाला असा अडलो, की राऊळसाहेबांनी स्वतः उठून मला पाणी आणून दिलं. आज तो शब्द सरळ निघाला. तिसऱ्या रांगेत माझी मुलगी रुचा बसली आहे, तिचाही विश्वास बसलेला दिसत नाही. घरी माझं एक वाक्य ती धड पुरं होऊ देत नाही, मध्येच चूक काढते.

असो, विषय बाईंचा आहे. नायगावच्या या खोलीत बाईंनी बावीस वर्षं सकाळचा इंग्रजीचा वर्ग घेतला. पुढच्या महिन्यात ही चाळ पाडायला घेतील. बाई मालवणला जातील, आणि वर्ग नव्या जागेत माझ्या गळ्यात पडेल. आता वर्ग म्हणावा तर कसला? अकरावीतली मुलगी, लोअर परळच्या मॉलवरचा वॉचमन आणि साठीच्या कमळाबाई, सगळे एकाच सतरंजीवर. यांना एकत्र शिकवायचं कसं?

बाईंचं उत्तर होतं, धडा एकच, कागद तीन. समजा, बसथांब्यावरची एक सूचना घेतली. पहिल्या पायरीवाल्यांनी त्यातले शब्द चित्रांशी जुळवायचे. मधल्यांनी वाचून प्रश्नांची उत्तरं द्यायची. वरच्यांनी तशी सूचना स्वतः लिहायची. हे सगळं बाई आदल्या दिवशी टाचणवहीत उतरवायच्या. प्रत्येकाचं नाव, पायरी, काम, आणि शेवटचा रकाना ‘कुठे अडेल’.

माझ्या नावापुढे पहिल्या दिवशी लिहिलं होतं, ‘पहिल्याच शब्दाला अडेल. थांबावं. पाणी देऊ नये.’ साहेब, हे तुम्हाला उद्देशून नाही. पण बाई खरंच थांबायच्या. पाच मिनिटं लागली तर पाच मिनिटं. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी एवढं कोणी थांबलेलं नव्हतं, हे आज सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

तो शेवटचा रकाना कधी चुकला नाही. चांगल्या शिक्षकाला अंदाज असतोच, असं मी समजत होतो. पण एकदा लिहिलेलं पाहिलं, ‘कमळाबाई चौथ्या ओळीला अडतील, हसतील, चष्मा पडेल.’ आणि चष्मा पडला. मी बाईंकडे पाहिलं, तर त्या फळा पुसत होत्या.

जरा पाणी घेतो.

आमच्यात गणपतकाका होते, परळचे जुने गिरणी कामगार. औषधाच्या बाटलीवरचं आपलं आपल्याला वाचता यावं, एवढीच त्यांची हौस. सहा वर्षं पहिल्या पायरीवर होते. एका शुक्रवारी त्यांनी अख्खं पान वाचलं. कुठे ठेच नाही, कुठे श्वास घ्यायला थांबणं नाही. वर्गानं डोक्यावर घेतलं त्यांना. मी कौतुकानं वही उघडली, तर त्यांच्या नावापुढचा शेवटचा रकाना मोकळा होता. रविवारी दुपारी काका झोपेत गेले.

योगायोग म्हणाल. मीही म्हटलं. मग कपाटातल्या बावीस वर्षांच्या वह्या काढून बसलो. हजारो रकाने, आणि त्यांत मोकळे फक्त चार. चारही नावांवर पुढच्या पानावर रेघ ओढलेली.

मी बाईंना विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मी ठरवत नाही रे गौतम. डोळ्यांसमोर माणूस आणते आणि तो कुठे थांबतोय ते लिहिते. काहींचं थांबणंच दिसत नाही, तिथे काय लिहू?”

दोन वर्षांपूर्वी पाचवा रकाना मोकळा दिसला. कमळाबाईंचा. हे त्यांना मी आज पहिल्यांदा सांगतोय, त्यांनी क्षमा करावी. त्या सकाळी मी त्यांचा चित्रांचा कागद काढून घेतला आणि वरच्या पायरीचा दिला. पुनर्विकासाची दोन पानी नोटीस होती ती. पहिल्याच ओळीला त्यांची गाडी रुतली. “मेल्या, माका कित्याक छळतंस?” म्हणून माझा उद्धार केला. तासभर घाम गाळला, पुढे सरकल्या नाहीत. बाईंनी वही ओढून रकान्यात लिहिलं, ‘पहिल्या ओळीला.’ मग मला हळूच म्हणाल्या, “आता रोज त्यांना न झेपणारंच द्यावं लागेल.”

रोज देतोय. त्या पहा, पहिल्या रांगेत बसल्यात, ठणठणीत. वर्गात सगळ्यांत जास्त अडणारी बाई म्हणून आपण त्यांना हसतो. हसू नका.

आता शेवटचं सांगतो. आज दुपारी बाईंनी ती वही माझ्या हवाली केली. मघाशी पाहुण्यांचं भाषण चालू असताना मी ती मांडीवर उघडली. मॅडम, अनादर नव्हता. बाईंनी आजच्या समारंभाचंही टाचण काढलंय. राऊळसाहेब शाल घालताना अडतील, ते अडले. पाहुण्या चाळीच्या नावाला अडतील, त्या अडल्या. त्याखाली माझी ओळ आहे. ‘गौतम. काम: निरोपाचं भाषण.’ पुढे काही नाही.

मघाशी पाणी घेतलं ते तहान म्हणून नाही. मुद्दाम अडायला गेलो होतो. दोनदा प्रयत्न केला. शब्द आपले येतच राहिले. त्रेचाळीस वर्षं ज्या जिभेनं मला सुखानं बोलू दिलं नाही, ती आज थांबायला तयार नाही. मला भीती वाटतेय.

बाई, रकाना लिहायचा राहिला का? मान खाली घालू नका. बरं, राहू द्या. तुम्ही बावीस वर्षं जे दिसलं ते लिहिलंत, आजही तेच केलंत. तुमचे उपकार फिटणारे नाहीत.

अध्यक्षमहोदयांचे, पाहुण्यांचे, वाचनालयाचे आणि खुर्च्या मांडणाऱ्या सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही उणंदुणं राहिलं असेल तर ते पोटात घालावं, अशी शेवटी विनंती करायची असते. मी हात जोडून उलटं मागतो. पोटात घालू नका. कुठे चुकलं असेल तर उभं राहून सांगा. तोवर मी माइक सोडत नाही.

कोणीच नाही?

रुचा, बाळा, ऊठ. मला येणार नाही असं काहीतरी विचार. घरी अडवतेस तसं अडव मला.