रंगरावांच्या मिशीवरची फक्की

मंडळी, जागे आहात ना? मग सांगा — हरणं अवघड, की "हरलो" म्हणणं अवघड? नको, नको, इथं सांगू नका! बायको शेजारी बसलीय!

ऐका तर. वडगावच्या जिमखान्यात लाल मातीचं टेनिसचं मैदान, आणि त्या मैदानाचे राजे रंगराव माने! सतरा वर्षं विजेते! भिंतीवरच्या फळ्यावर सगळ्यात वर त्यांचं नाव. त्याखाली रंगारी दरवर्षी साल घालायचा आणि पुढं लिहायचा — "वरीलप्रमाणे". नाव लिहायचे कष्टच नाहीत!

पण वय हो! रंगराव अठ्ठावन्नचे झाले. वाकले की आधी गुडघा ओरडायचा, मग रंगराव! आता माणसानं काय करावं? सराव? छे! मिशीला कलप लावला!

आणि समोर कोण? शर्वरी घोरपडे, एकवीस वर्षांची. पळते म्हणजे काय पळते! मागच्या साली अंतिम सामन्याला हीच होती, थोडक्यात हरली. का हरली? तिथली रीत ऐका. पंच नाही! आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच सांगायचं, समोरच्यानं ऐकायचं. रेघेला लागला, तरी आतच! रंगरावांना जो चेंडू गाठता येईना, तो — "बाहेर!"

यंदाही गाठ तिच्याशीच. रंगरावांना अठराव्या वर्षीही "वरीलप्रमाणे" हवंच होतं. त्यापायी आठ दिवस झोप नाही! आणि अंतिम सामन्यात शर्वरीला जिंकायला उरला एक गुण. तिनं चेंडू मारला — सण्णकन! रंगराव झेपावले — धप्प! पालथे! चेंडू नेमका त्यांच्या नाकासमोर रेघेवर पडला, रेघेची पांढरी फक्की भस्सकन उडाली, आणि पडल्यापडल्याच रंगराव गरजले, "बाहेर!"

उठले. बघतात तो सगळ्यांची नजर मिशीवर. कलप लावलेली काळीभोर मिशी — पांढरीफेक!

शर्वरीनं सगळं पाहिलं होतं हो! पण म्हणाली, "बरं काका. बाहेर."

तेवढ्यात खुर्चीतून इंदूवहिनी, म्हणजे रंगरावांचं कुटुंब, ओरडल्या, "अहो, आधी मिशी पुसा!"

रंगरावांनी मिशीला हात लावला. बोट पांढरं. बोटाकडं बघितलं, रेघेकडं बघितलं, मग पोरीकडं बघवेना. लाज वाटली, मंडळी! डोळे भरले.

"शर्वरे... आत होता गं."

"असू दे काका, परत खेळू."

"परत? गुडघ्याला विचार! जिंकलीस तू. आणि... मागच्या सालचा शेवटचा चेंडू, तोही आतच होता."

हे कुणी विचारलं होतं का? नाही ना! पण आता गडी थांबेना. स्वतः रंगाऱ्याला घेऊन आले, फळ्यासमोर उभे राहिले. मागच्या सालचं "वरीलप्रमाणे" पुसलं, तिथं लिहिलं — शर्वरी घोरपडे. आणि यंदा?

वरीलप्रमाणे!

हसलात? हसा! पण आपला तरी पंच कुठं दिसतो कुणाला? म्हणून तर भावाशी, सुनेशी, शेजाऱ्याशी आपलं रोजचं चाललंय — "बाहेर! बाहेर!" पाटील, लावा बरं मिशीला हात! पेटीवाले, तुम्हीपण! बायांनो, तोंडाला पदर लावून हसू नका, आधी तो पदर झटका! आणि घरी गेल्यावर ज्याला सांगायचं राहिलंय, त्याला देवाचं नाव घेऊन सांगा —

"आत होता!"