दादाच्या होडीची मोटर

दादाच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हाची गोष्ट सांगतो. मुळा धरणात आमची मासेमारीची होडी आहे. तिची मोटर दादा स्वतःच दुरुस्त करायचा. मी म्हणायचो, "डीलरला दाखवू." तो म्हणायचा, "मग होडी बी त्यालाच दे."

पिंड ठेवून तास झाला. वहिनीला सांभाळू, पोरीचं लग्न लावू, सगळं कबूल करून झालं. कावळा बाभळीवरून हलेना. मामा मला म्हणाले, "तुझं काय ऱ्हायलंय का बघ."

मी हात जोडले. "दादा, मोटर डीलरला न्हाई देनार. मीच उघडीन."

कावळा लगेच उतरला.

दादानं तेल कधी बदललं, त्या सगळ्या तारखा माझ्या वहीत आहेत. कसं बदललं, ते मी कधी पाहिलंच नाही. आता मोटर बंद पडलीय. तीन महिने होडी काठावर पालथी आहे.